लादी दिसते, कोबा दिसत नाही

घरात बाथरूमचं काम काढायचं ठरलं की सल्ले देणाऱ्यांचे दोन पंथ लगेच हजर होतात. पहिला पंथ म्हणतो, "डोक्याला ताप कशाला? कॉन्ट्रॅक्टरला देऊन टाक. पंधरा दिवस मामाकडे जाऊन राहा, परत आलास की बाथरूम तयार." दुसरा पंथ म्हणतो, "वेडा आहेस का? कॉन्ट्रॅक्टर लुटतात नुसते. माल स्वतः आण, नाक्यावरून मिस्त्री धर, अर्ध्या पैशात काम होतं." दोन्ही पंथांचे लोक लगेच मोबाइल काढून फोटो दाखवतात. फोटोत चकचकीत लादी असते, भिंतीतून आलेला शॉवर असतो, काचेचं पार्टिशन असतं. सहा महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या घरातलं छत कसं दिसत होतं, याचा फोटो मात्र मला आजवर एकानेही दाखवलेला नाही.

तर मंडळी, आजचं भांडण या दोन्ही पंथांशी आहे. 'कॉन्ट्रॅक्टर की स्वतः' हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असा: लादी बसवण्याआधी त्या जमिनीवर पाणी भरून दोन दिवस कोण थांबणार, आणि ते खाली झिरपलं नाही हे कोण सांगणार? ज्याच्याकडे याचं उत्तर आहे त्याने काम खुशाल कॉन्ट्रॅक्टरला द्यावं किंवा स्वतः उभं राहून करून घ्यावं. ज्याच्याकडे नाही, त्याने आहे ते बाथरूम घासूनपुसून वापरावं. निदान आपल्या भागात तरी.

'आपल्या भागात' असं मुद्दाम म्हणतोय. गिरगाव, परळ, लालबागच्या जुन्या घरांत बाथरूम नावाची खोली मुळात नव्हतीच. होती ती मोरी. स्वयंपाकघराचा एक कोपरा, वीतभर कठडा, शहाबादी फरशी, एक नळ आणि शेजारी पाण्याचं पिंप. भांडी तिथेच, कपडे तिथेच, पडदा ओढून आंघोळही तिथेच. संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्या मजल्याचा मिळून. पुढे घरात चार पैसे आले, म्हातारी माणसं रात्री गॅलरीभर चालेनाशी झाली, मुलींची कुचंबणा लोकांना दिसायला लागली (फार उशिरा, पण लागली), आणि मग हळूहळू मोरीची बाथरूम झाली. बऱ्याच घरांत तिथेच कमोडही बसला. यात चूक काही नाही. सत्तरीच्या बाईला मध्यरात्री रांगेत उभं करणारी व्यवस्था टिकवण्यात कसलीही संस्कृती नाही. गॅलरीतल्या आयुष्याच्या गोड आठवणी काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पण त्या मोरीखाली काय आहे ते बघा. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या इमारतींचे मजले लाकडाचे आहेत. तुळया, त्यांवर वासे, त्यांवर फळ्या, फळ्यांवर माती-चुन्याचा किंवा विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर फरशी. काही ठिकाणी लाकडाऐवजी लोखंडी गर्डर. लाकूड कोरडं राहिलं तर शंभर वर्षं हलत नाही. ओलं राहिलं तर कुजतं, आणि सगळ्यात आधी कुजतं ते तुळईचं भिंतीत गेलेलं टोक. म्हणजे नेमका तो भाग, जो बाहेरून दिसत नाही आणि ज्यावर सगळा भार असतो. गर्डर असेल तर तो गंजतो. आरसीसी असेल तर आतली सळी गंजून फुगते आणि खालच्या घरात प्लास्टरसकट काँक्रीटचे पोपडे पडतात. तिन्ही प्रकारांत रोग एकच, पाणी. आणि ते पाणी बहुतेक वेळा पावसाचं नसतंच, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस आपण अंगावर ओतून घेतो तेच असतं.

अशा इमारतींसाठी १९६९ साली सरकारने कायदा केला, इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्ती मंडळ काढलं. तेव्हा शहर भागात अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या होत्या. पुढे ते मंडळ म्हाडात गेलं. दर पावसाळ्याआधी मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं, पेपरात ती छापून येते आणि आपण आपल्या इमारतीचं नाव त्यात नाही एवढं बघून पान उलटतो. भाडेकरू कायद्याप्रमाणे इमारत नीट राखणं हे घरमालकाचं काम. त्याने नाही केलं तर नोटीस देऊन आपण दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, तोही वर्षाच्या भाड्याच्या एका हिश्श्यापुरताच. पागडीच्या खोलीचं महिन्याचं भाडं आठवा आणि त्या हिश्श्यात काय येईल ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते एक बरा नळ येईल. थोडक्यात काय, ही लाकडं सांभाळायला वरून कोणी येणार नाहीये. ती आपल्यालाच सांभाळायची आहेत, आणि त्यांना सगळ्यात जास्त धोका आपल्याच बाथरूमपासून आहे.

आता थोडं गणित (इंजिनीयर असल्याचा एवढा तरी उपयोग). चार बाय सहा फुटांची मोरी धरा. मिस्त्री म्हणतो, ढाळ काढायला आणि पाइप झाकायला सहा इंच कोबा घालू. चार गुणिले सहा गुणिले अर्धा, म्हणजे बारा घनफूट. विटांच्या तुकड्यांचा कोबा घनफुटाला साधारण पन्नास किलो भरतो. झाले सहाशे किलो. म्हणजे पन्नास किलोच्या सिमेंटच्या बारा गोण्या एका कोपऱ्यात रचून कायमच्या सोडून दिल्या. वर मसाला, वर लादी, वर पाण्याने भरलेलं पिंप. खाली शंभर वर्षांची तुळई. "जुनी लादी फोडायला नको साहेब, वरूनच बसवू, खर्च वाचेल" असं कोणी म्हणालं, की या गोण्या डोळ्यांसमोर आणा. खर्च वाचेल, पण एका थरावर दुसरा थर चढेल, आणि खालच्या थरात जे गळत होतं ते तसंच गळत राहील.

आता पहिल्या पंथाकडे वळू. बाथरूमचं काम 'पॅकेज'मध्ये देणं म्हणजे काय? एक आकडा ठरतो. समजा दीड लाख. त्यात तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, लादी, फिटिंग, सगळं आलं. तुम्ही तीन कॉन्ट्रॅक्टर बोलावता, तिघांपैकी सगळ्यात कमी आकडा घेता आणि वर आणखी दहा हजार कमी करून घेता. मग काम सुरू झाल्यावर काकू दुकानात जाऊन जरा महागाची लादी पसंत करतात. आता सांगा, ती तूट भरून कुठून निघणार? लादीत काटता येत नाही, ती दिसते. नळात काटता येत नाही, त्यावर कंपनीचं नाव असतं. कमोडमध्ये काटता येत नाही. काटता येतं फक्त तिथे, जे आठ दिवसांनी लादीखाली जाणार आहे. दोनऐवजी एक हात, कोपऱ्यांतली जाळी गाळली, पाइपभोवती भरायचा ग्राउट न वापरता साध्या सिमेंटने बुजवलं, भिंतीवर फूटभर चढवायचं ते चार इंचांवर सोडलं. यासाठी कॉन्ट्रॅक्टर वाईट माणूस असायची गरज नाही. आपणच त्याला असा सौदा देतो की त्यात प्रामाणिक माणूस तोट्यात जातो.

आमच्या धंद्यात याला फिक्स्ड बिड म्हणतात. ठरलेल्या पैशांत प्रोजेक्ट, क्लायंट रोज नवीन काहीतरी मागतोय, तारीख हलत नाही. अशा वेळी सगळ्यात आधी काय कापलं जातं ते प्रत्येक आयटीवाल्याला माहीत आहे. टेस्टिंग. स्क्रीन चकचकीत असते, डेमोला सगळे टाळ्या वाजवतात आणि तीन महिन्यांनी मध्यरात्री फोन वाजतो. फरक एवढाच की आमच्याकडे फोन आम्हालाच येतो. बाथरूममध्ये तो खालच्या मजल्यावर वाजतो.

आमच्याच घरावर हे झालंय. वरच्या मजल्यावर पॅकेजमध्ये बाथरूम झालं. काम बारा दिवसांत संपलं, पूजा झाली, पेढे आले. दोन महिन्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर बशीएवढा पिवळा डाग आला. मग परातीएवढा झाला. मग थेंब. आई गॅसच्या ओट्यावर पातेलं ठेवायची आणि त्यात टपटप आवाज येऊ नये म्हणून आत फडकं टाकायची. वरचे लोक सज्जन, त्यांनी कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो म्हणाला, "टेन्शन मत लो साहब, दस साल की गारंटी दी है." मग तो येऊन बघून गेला आणि म्हणाला की गळती जुन्या पाइपची असेल, आमच्या कामाची नाही. मग म्हणाला की करून देतो, पण लादी फोडावी लागेल, तिचे पैसे वेगळे. मग फोन उचलेनासा झाला. हातात लेटरहेडवरची गारंटी होती, बिल नव्हतं, कारण बिल घेतलं असतं तर जीएसटी भरावा लागला असता. शेवटी ती लादी फुटली, काम दुसऱ्यांदा झालं आणि वरच्यांचे पैसे दुप्पट गेले. आमच्या छतातली एक तुळई मिस्त्रीने टोचून बघितली तेव्हा स्क्रू ड्रायव्हर बोटाच्या पेराएवढा आत गेला. तिला आता आधार दिलेला आहे. आमच्या स्वयंपाकघरात एक लोखंडी खांब उभा आहे, ती ही कथा.

म्हणून गारंटीबद्दल माझं मत अगदी स्पष्ट आहे. वॉटरप्रूफिंगची दहा वर्षांची गारंटी म्हणजे कागद आहे. फार तर तो माणूस येऊन पुन्हा वॉटरप्रूफिंग करून देईल. फोडलेली लादी, खालच्याचं छत, ओली झालेली तुळई यांतलं काहीही त्या कागदात नसतं. गारंटी ही चाचणी टाळण्यासाठी दिलेली गोळी आहे. दहा वर्षांचं वचन नको, अठ्ठेचाळीस तासांचा पुरावा द्या.

आता दुसरा पंथ. यांचं म्हणणं ऐकायला फार मर्दानी वाटतं. नागदेवीत जाऊन पाइप आणि व्हॉल्व्ह घ्यायचे, लोहार चाळीतून वायर आणि एक्झॉस्ट फॅन आणायचा, नाक्यावर सकाळी आठला जाऊन मिस्त्री आणि दोन बिगारी उचलायचे, रेतीच्या गोण्या मजल्यामागे इतके रुपये असं ठरवून जिन्याने वर चढवायच्या. पैसे वाचतात, नाही म्हणत नाही. पण एक सांगा, रोज तिथे उभं कोण राहतं? हा सल्ला देणारा माणूस स्वतः सकाळी सव्वाआठची लोकल पकडून ऐरोलीला जातो. घरात उभे राहतात ते त्याचे रिटायर झालेले वडील, नाहीतर आई. सिमेंटच्या धुळीत दिवसभर खुर्ची टाकून बसायचं, चार वेळा चहा करायचा, मिस्त्रीने विचारलं की फोन लावायचा, मुलगा मीटिंगमध्ये. 'मी स्वतः बाथरूम करून घेतलं' या वाक्यातला 'मी' तपासून घ्यावा असा असतो.

आणि वाचवलेले पैसे कुठून वाचतात? तिथूनच. नाक्यावरचा मिस्त्री लादी सुरेख लावतो, त्याचा हात बसलेला असतो. पण वॉटरप्रूफिंगची बादली फोडून त्यातलं द्रव आणि पावडर कोणत्या मापाने मिसळायचं, एक हात सुकायच्या आत दुसरा द्यायचा नाही, दुसरा आडव्या दिशेने द्यायचा, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, आणि रोजावर असल्यामुळे थांबायला त्याच्याकडे कारण नसतं. तुम्हालाही नसतं. कारण एक दिवस थांबलात तर रोज भरावा लागतो. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर नफ्यासाठी जे गाळतो, तेच आपण बचतीसाठी गाळतो. खालच्या घरात पडणाऱ्या थेंबाला दोन्हीतला फरक कळत नाही.

इथे कारागिरांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. बाथरूमचं काम घेणाऱ्या माणसाला आपण काय देतो? ना नकाशा, ना यादी, ना कुठला नळ किती उंचीवर याचा आकडा. "तुम्हाला माहीतच आहे की" एवढ्यावर काम सुरू होतं. अर्ध्यात आपण गिझरची जागा बदलतो. शेवटचा हप्ता द्यायची वेळ आली की लादीच्या एका कोपऱ्याला बोट लावून पाच हजार कापतो. ज्या क्लायंटबद्दल आपण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये शिव्या देतो, शनिवार-रविवारी आपण हुबेहूब तोच क्लायंट असतो. :-)

मग करायचं काय? माझं उत्तर साधं आहे. काम तोडा. एका आकड्यात सगळं देऊ नका. तोडफोड आणि प्लंबिंग एक भाग, वॉटरप्रूफिंग दुसरा, लादी आणि फिटिंग तिसरा. कॉन्ट्रॅक्टर एकच असला तरी हरकत नाही, पण तीन भागांचे तीन आकडे लिहून घ्या, म्हणजे एकातले पैसे दुसऱ्यात पळत नाहीत. लादी आणि नळ तुम्ही स्वतः विकत घ्या, म्हणजे काकूंनी महागाची लादी निवडली तर ते पैसे तुमच्या खिशातून जातील, कोब्यातून नाही. आणि पुढच्या भागाचे पैसे मागचा भाग तपासल्याशिवाय द्यायचे नाहीत. पहिल्या भागानंतर भिंत बुजवण्याआधी पाइपलाइनला हातपंपाने प्रेशर देऊन बघायचं, काटा खाली येत असेल तर कुठेतरी सांधा गळतोय. नहाणी ट्रॅप बसला की तो बाहेरच्या बीडाच्या पाइपला नीट जोडलाय का हे हाऊस गल्लीत जाऊन स्वतः बघायचं (नाक दाबून). तिथे सांध्यात पिंपळ उगवलेला असेल तर आधी तो काढायचा, मग वरच्या शॉवरचं स्वप्न बघायचं. आणि गिझरच्या लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आहे का हे इलेक्ट्रिशियनला विचारायचं. तो "लागत नाही हो" म्हणाला तर इलेक्ट्रिशियन बदलायचा.

दुसऱ्या भागानंतर सगळ्यात मोठी परीक्षा. ट्रॅपचं तोंड बंद करायचं, दाराशी विटेचा बांध घालायचा, दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची. अठ्ठेचाळीस तास हात लावायचा नाही. मग खाली जाऊन छत बघायचं. वरून बघून चालत नाही. वरून पातळी थोडी उतरलेली दिसते, कोणी म्हणतो हवेत सुकलं, कोणी म्हणतो कोब्याने शोषलं. खालचं छत असले वाद घालत नाही.

गेल्या वर्षी आमच्या मोरीचं काम असंच केलं. पाणी भरलं तेव्हा मिस्त्री वैतागला होता. "साहब, लाकडाची बिल्डिंग आहे, पाणी भरून ठेवताय, उलटं पडेल काहीतरी." त्याच्या शंकेत तथ्य होतं, म्हणून पाणी दोनऐवजी एकच इंच ठेवलं, आणि त्याआधी खालून तुळया ठोकून घेतल्या. खालच्या काकूंना सांगून ठेवलं होतं की छतावर नजर ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, साधारण तीस तासांनी, त्यांचा आवाज जिन्यातून आला, "अरे, ये रे जरा, इथे ओलं वाटतंय मला." ट्रॅपच्या बरोबर खाली, रुपयाएवढं ओल. हाताला गार लागत होतं, डोळ्यांना जेमतेम दिसत होतं. पाणी काढलं, ट्रॅपभोवतीचं फोडलं, पुन्हा ग्राउट भरला, पुन्हा दोन हात दिले, सुकू दिलं, पुन्हा पाणी भरलं. या वेळी छत कोरडं. एकूण पाच दिवस गेले आणि मिस्त्रीचा रोज, माल धरून साडेसहा हजार रुपये. लादी बसल्यावर हेच कळलं असतं तर किती गेले असते याचा हिशोब मी वरच्या मजल्याच्या अनुभवावरून करू शकतो. आणि काकूंच्या स्वयंपाकघरातही एक खांब उभा राहिला असता.

लक्षात घ्या, ती चूक ना मिस्त्रीला दिसली होती, ना मला. कामात हयगय झाली नव्हती, माल चांगला होता, मी रजा टाकून समोर उभा होतो. तरी गळत होतं. म्हणूनच म्हणतो की चांगला कॉन्ट्रॅक्टर शोधणं किंवा स्वतः लक्ष ठेवणं यांपैकी काहीही चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

आता कायद्याचं. "घरातल्या घरात काम करायला महापालिकेची परवानगी लागत नाही" हे वाक्य अर्धंच खरं आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातल्या कलम ३४२ मध्ये बदल करण्याआधी आयुक्तांना नोटीस द्यायला सांगितलंय, आणि त्यातून 'टेनंटेबल रिपेअर्स' वगळल्या आहेत. लादी बदलणं, संडास-न्हाणीची दुरुस्ती, पाइप आणि नळ बदलणं हे त्यात येतं. पण इमारतीच्या भार घेणाऱ्या कुठल्याही भागाला हात लागता कामा नये, ही अट आहे. म्हणजे मोरी दुरुस्त करा. पण भिंत दोन फूट सरकवून मोरी मोठी करणं, किंवा संडास उचलून खालच्याच्या देवघरावर नेणं, हे दुरुस्तीत बसत नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल "सब चलता है." २७ सप्टेंबर २०१३ ला माझगावातली बाबू गेनू मंडईची इमारत पडली, ६१ माणसं गेली. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली, १७ माणसं गेली. दोन्ही ठिकाणी तळमजल्यावर आत केलेल्या बदलांवर बोट ठेवलं गेलं. या इमारती बाथरूममुळे पडल्या असं मी म्हणत नाही. पण 'माझ्या जागेत मी काय वाटेल ते करीन' ही जी आपली वृत्ती आहे, तिचं टोक कुठे जातं ते यात दिसतं. इमारतीत 'माझी जागा' असं काही नसतं. माझी जमीन म्हणजे कोणाचं तरी छत.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला आणि सगळ्यात खरा: "आमच्याकडे एकच मोरी आहे आणि घरात पाच माणसं. अठ्ठेचाळीस तास पाणी भरून ठेवायचं तर आम्ही आंघोळ कुठे करायची?" मान्य. पण मोरी फोडल्यापासून तुम्ही आंघोळ कुठे करत होता? शेजारच्यांकडेच ना? त्या दहा-बारा दिवसांत आणखी दोन. चाळीत हे दोन दिवस मागून मिळतात, अजून तरी. आणि शेजाऱ्याकडे दोन दिवस बादली घेऊन जाणं, हे खालच्याच्या छताला भोक पाडण्यापेक्षा नक्कीच कमी लाजिरवाणं आहे.

दुसरा आक्षेप: "आमच्याकडे उभं राहायला माणूस नाही, म्हणून तर पॅकेज देतो." हाही मान्य. पण मग देखरेख विकत घ्या. ज्याचा त्या कामात नफा नाही असा एखादा सिव्हिल इंजिनीयर किंवा रिटायर झालेला सुपरवायझर तीन वेळा येऊन बघून जाईल, त्याचे पैसे द्या. ज्याने काम केलं त्यालाच ते तपासायला सांगणं म्हणजे ज्याने पेपर लिहिला त्यालाच मार्क द्यायला सांगणं.

तिसरा: "आमची इमारत नवीन आहे, आरसीसी आहे, हे लाकूडपुराण आम्हाला लागू नाही." ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. मनापासून आनंद वाटला. पण नवीन घर मिळालं की आपण पहिलं काम काय काढतो? बिल्डरने दिलेली लादी फोडून आपल्या आवडीची बसवतो. आणि तिच्याबरोबर खालचं वॉटरप्रूफिंगही फुटतं. बाथरूमचा स्लॅब खोलगट असेल तर आणखी वाईट. भरावात एकदा पाणी शिरलं की ते तिथेच साठून राहतं आणि वर्षानुवर्षं सावकाश खाली उतरतं. नवीन इमारतीत लाकूड कुजत नाही, पण शेजार तेवढाच कुजतो. दादरच्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, त्याच्या फाइलीत सगळ्यात जाड कागद कसले आहेत ते.

म्हणून माझी मागणी कॉन्ट्रॅक्टरकडे नाही, मिस्त्रीकडे नाही, महापालिकेकडेही नाही. ती चाळ कमिट्यांकडे आणि सोसायट्यांकडे आहे. तुम्ही काम सुरू करताना काय मागता? डिपॉझिट, राडारोडा जिन्यात ठेवणार नाही याची हमी, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद. सगळं ठीक. त्यात एक ओळ वाढवा. पाणी भरून अठ्ठेचाळीस तास झाल्यावर खालच्या घरातल्या माणसाने छत बघून सही केल्याशिवाय लादीची एकही पेटी जिना चढणार नाही. याला ना इंजिनीयर लागतो, ना खर्च. एक वही आणि खालच्या घरातल्या काकू पुरतात. त्यांच्याइतका कडक परीक्षक कुठल्याही कंपनीच्या टेस्टिंग टीममध्ये मी अजून पाहिलेला नाही.